ऑर्डर एकीची, आली भलतीच: मेळ्यातली गाडी घ्यावी की सोडावी?

लष्करी_बाणा

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईचा आहे.

ऑक्टोबरात इथे ग्वाल्हेरच्या एका शोरूममध्ये (नाव लिहीत नाही, गाव लहान आहे) पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी बुक केली. पांढरी गाडी, काळं छत. हा दुरंगी प्रकार स्टॉकमध्ये ठेवत नाहीत, कंपनीकडे खास ऑर्डर टाकावी लागेल, असं सांगून ५१,००० घेतले. ऑर्डर फॉर्मवर मॉडेल, रंग, 'ड्युअल टोन' सगळं लिहिलंय, शिक्कासही आहे. बोलणं असं झालं होतं की बिल इथल्या वार्षिक व्यापार मेळ्यातच करायचं, म्हणजे रोड टॅक्समधली ५० टक्के सूट मिळेल. आमच्या गाडीत ही सूट साठ-सत्तर हजारांच्या घरात जाते.

डिसेंबरात विचारलं तर "ट्रांझिट में है". जानेवारीत "पहले छूट तो घोषित होने दो". आणि परवा एकदम फोन, गाडी आली, उरलेले पैसे भरा, उद्याच नंबर पाडतो.

आम्ही दोघं यार्डात बघायला गेलो. बायकोनं मागचं दार उघडून वरची रबराची पट्टी नखानं जरा बाजूला सारली. आत पांढरा पत्रा, आणि त्यावर काळ्या फिल्मची कातरलेली कड. छत रंगवलेलं नव्हतंच, चिकटवलेलं होतं! अँटेनाच्या बुडाशी हरभऱ्याएवढा हवेचा फुगाही होता. सेल्सवाल्याचं उत्तर: "सर, सेम टू सेम दिखता है." बिलाचा मसुदा मागितला तर गाडी एकरंगी, आणि खाली ॲक्सेसरीजमध्ये 'रूफ रॅप १४,५००'.

मॅनेजर म्हणतो कंपनीनं दुरंगी बनवणं तूर्त थांबवलंय, हीच घ्या. नाहीतर बुकिंग रद्द, १०,००० कापून बाकीचे परत. आणि मेळा संपला की सूट गेलीच.

आता घेऊन मागून भांडावं की आत्ताच नको म्हणावं? पैसे असे कापता येतात का? सूट बुडाली तर ती कोणाच्या डोक्यावर?

तानसेननगरी

सर्वप्रथम वहिनींना दंडवत. दुसरं काही सुचत नाहीये.

मोरारची_माई

पैसे भरू नका. फोनवर जे बोलणं झालं ते सगळं आजच्या आज ईमेलवर लिहून पाठवा: "अमुक तारखेला यार्डात गाडी पाहिली, छताला फिल्म आहे, ऑर्डर दुरंगीची होती, ही गाडी स्वीकारलेली नाही." रबराच्या पट्टीचे फोटो काढलेत ना?

मी बँकेतून निवृत्त झाले, कर्जविभागात बरीच वर्षं होते, म्हणून आणखी एक सांगते. कर्ज घेत असाल तर चासी नंबर लिहिलेलं बिल हातात येईपर्यंत बँकेला पैसे सोडू देऊ नका. पैसे डीलरकडे गेले त्या दिवसापासून व्याज तुमचं सुरू होतं, गाडी यार्डात असो की कारखान्यात. एकदा पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात पडली की सेल्सवाल्याचा आवाजच बदलतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळदा ऐकलंय.

लष्करी_बाणा

माई, फोटो आहेत, व्हिडिओही आहे. कर्ज मंजूर आहे पण उचललेलं नाही.

शोरूमातून_सुटलो

मी इथल्याच एका शोरूममध्ये विक्रीत होतो (हे नव्हे, दुसरं). आतली गोष्ट सांगतो, म्हणजे 'खास ऑर्डर' हे काय प्रकरण आहे ते कळेल.

ग्वाल्हेरच्या शोरूममध्ये डिसेंबर म्हणजे सुतक. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्ह घेतं, पापड खाल्ल्यासारखं कोटेशन गोळा करतं आणि "मेळ्यात बघू" म्हणून जातं. मग सूट जाहीर झाली की दोन-चार दिवसांत सगळं गाव एकदम अंगावर येतं. डीलरनं कंपनीकडून गाडी उचलली की त्याच्या डोक्यावर व्याज चढायला लागतं, त्यामुळे जे रंग भराभर जातात तेच तो आधी भरून ठेवतो. पांढरा, करडा, पांढरा, पांढरा. दुरंगी ऑटोमॅटिक एखादीच, तीही कोणी पक्कं केलं तर.

तुम्ही 'ऑर्डर' दिली म्हणजे कारखान्यात तुमच्या नावाची गाडी बनायला घेतली, असं बहुतेक वेळा होत नाही. डीएमएसमध्ये (डीलरच्या संगणक प्रणालीत) तुमचं नाव त्या व्हेरिएंटच्या रांगेत पडतं. कंपनी महिन्याचं वाटप करते, आलेल्या गाड्या नावांना जुळवतात. नाही जुळली तर दुसऱ्या गावच्या डीलरशी अदलाबदल. तेही नाही जमलं आणि टार्गेटची तारीख जवळ आली, की फिल्मवाल्याला बोलावतात. तो लांब नसतो, यार्डाच्या मागच्या गाळ्यातच असतो.

आता कामाचं. तुमच्याकडे जी पावती आहे ती डीलरच्या लेटरहेडची आहे की तिच्यावर कंपनीचा बुकिंग नंबर आहे? तो नंबर घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेला थेट फोन लावा आणि विचारा, माझ्या नावावर कोणतं व्हेरिएंट, कोणता रंग टाकलाय, आणि त्यात मधे बदल झालाय का. कधी बुकिंग टाकलेलंच नसतं, कधी वेगळंच टाकलेलं असतं.

जीवाजीगंज_जोशी

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. गाडीचं छत बघतो कोण? शेजारच्या बाल्कनीतले. १४,५०० बिलातून काढायला लावा, फिल्म त्यांच्याच माणसाकडून उतरवून घ्या, वर मॅट, मडफ्लॅप, एखादी वाढीव वॉरंटी पदरात पाडा आणि पांढरी गाडी घेऊन मोकळे व्हा. साठ-सत्तर हजार हा खरा पैसा आहे. तत्त्वासाठी ते सोडून पुढे ग्राहक आयोगाच्या तारखा मोजत बसणार का?

नयाबाजारची_नात

जोशीकाका, छत कोण बघतो हे खरं, पण मग त्यांनीही कशाला चिकटवलं? पांढरी आहे म्हणून सरळ सांगायचं होतं. प्रश्न छताचा नाही, लपवण्याचा आहे. जो छताला फिल्म लावून गप्प बसतो तो बंपरला पुटी लावून काय बोलणार आहे?

आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ४५-४६ अंशांत छतावरची फिल्म किती टिकते ते आमच्या काकांच्या गाडीवर बघितलंय. दुसऱ्या उन्हाळ्यात कडा वर वळल्या.

जीवाजीगंज_जोशी

बंपरच्या मुद्द्याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी सत्तर हजार ते सत्तर हजार.

पोहे_जिलेबी

भिया, तुमच्या ग्वाल्हेरचं कौतुकच आहे. आमच्याकडे इंदूरला लोक शोरूममध्ये भांडतात, तुमच्याकडे मेळ्यात सॉफ्टी खात खात भांडतात.

(अवांतर: मेळ्यातली सॉफ्टी आणि तो परातीएवढा पापड अजून तसाच मिळतो का? लहानपणी मामाकडे यायचो तेव्हाची आठवण.)

नयाबाजारची_नात

मिळतो. सॉफ्टीचे गाळे वाढलेत, पापडाची रांगही.

अर्धा_वकील

आधी हे सांगतो की मी वकील आहे पण तुमचा वकील नाही, कागद पाहिलेले नाहीत. तरी जे लिहिलंय त्यावरून.

ऑर्डर फॉर्मवर 'ड्युअल टोन' असेल तर हा वर्णनावरून झालेला सौदा. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ सांगतं की असा माल वर्णनाला जुळलाच पाहिजे. कलम ४१ सांगतं की तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही माल स्वीकारला असं धरत नाहीत. तुम्ही यार्डात जाऊन बघितलं आणि नको म्हणालात, हा तुमचा हक्कच आहे. हाच हक्क नंबर पडल्यावर, हार घालून फोटो काढल्यावर फार पातळ होतो. मग गाडी बदलून मिळणं कठीण, भांडण भरपाईच्या रकमेवर येतं. म्हणून "घेऊन मागून भांडू" याला माझा विरोध. अगदीच घ्यायची वेळ आली तर डिलिव्हरी नोटवर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा की हरकत नोंदवून ताबा घेतोय, हरकत काय तेही लिहा, आणि त्या पानाचा फोटो काढा.

१०,००० कापण्याबद्दल: करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच कापू देतं, तेही ज्यानं करार मोडला त्याच्याकडून. इथे मोडला कोणी? तुम्ही तर ठरलेली गाडी घ्यायला पैसे तयार ठेवून उभे आहात. एक रुपया कापायचा नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, तुम्ही तर ५१ हजारच दिलेत. मुदत २ वर्षं. ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही (हे लिहून मी पोटावर पाय मारून घेतोय). त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका, तिथून ती कंपनीकडे जाते आणि पुष्कळ डीलर तेवढ्यानंच नरम येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात. कंपनीला आजच ईमेल करा. गोव्यातलं एक प्रकरण आहे, जुन्या सालाची गाडी डीलरनं नवी म्हणून दिली. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यात डीलरला सोडलं नाही, पण कंपनीला सोडलं. कंपनी माल डीलरला विकते, डीलर तुम्हाला विकतो, तो तिचा एजंट नव्हे. डीलरची लबाडी कंपनीला ठाऊक होती हे दाखवता आलं नाही, म्हणून ती सुटली. तेव्हा "आम्हाला कल्पनाच नव्हती" म्हणायची जागा कंपनीला ठेवू नका. कळवा, तारखेसकट, फोटोंसकट.

किल्ल्याखालचा

फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात "रंग व व्हेरिएंट उपलब्धतेनुसार, किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची" असं छापलेलं असतं त्याचं काय? सगळ्याच फॉर्मवर असतं.

अर्धा_वकील

"उपलब्धतेनुसार" याचा अर्थ ते 'नाही मिळत, पैसे परत घ्या' म्हणू शकतात. 'वेगळी गाडी रंगवून देतो' असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि छापील अटीपेक्षा हातानं भरलेला तपशील वजनदार धरतात. ती अटच अन्याय्य म्हणून रद्द करून हवी असेल तर मात्र जिल्हा आयोग नाही, भोपाळचा राज्य आयोग गाठावा लागतो. एका छतासाठी एवढं करू नका.

बडोदेकर_मांजलपूर

आमची गोष्ट घाईचीच, पण उलट्या बाजूची.

गेल्या वर्षी छोटी पेट्रोल गाडी बुक केली होती, तो तपकिरी रंग कमी येतो म्हणून थांबायची तयारी ठेवून. मधे १५ ऑगस्टला जीएसटीत बदल होणार अशी घोषणा झाली. त्याच आठवड्यात शोरूमचा फोन: "साहेब, तुमचा रंग आला, गणेश चतुर्थीला डिलिव्हरी घ्या, शुभ दिवस आहे." एवढे महिने जो रंग मिळत नव्हता तो नेमका तेव्हा कसा उगवला? मी म्हटलं थांबतो. तर म्हणाले दर कमी होईलच असं कोणी सांगितलं, आणि थांबलात तर ही गाडी पुढच्या नंबराला देऊ.

दिली त्यांनी, खरंच दिली. ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला, २२ सप्टेंबरपासून आमच्या गाडीवरचा कर २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. बिल ज्या दिवशी फाडतात त्या दिवसाचा दर, बुकिंगचा नाही. त्यानंतर माझा रंग मिळायला दिवाळी उजाडली, पण घरात त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

सांगायचं एवढंच की तारखेची भीती घालणारा माणूस कोणाच्या फायद्याची तारीख सांगतोय ते आधी बघावं. लष्करी यांच्या बाबतीत पंचाईत अशी की मेळ्याची तारीख खरी आहे.

हिशेबी_सीए

अवांतर पण उपयोगी. गाडीची किंमत १० लाखांच्या वर असेल तर बिलात १ टक्का टीसीएस (विक्रेत्यानं गोळा करायचा आयकर) लावतील, तो वेगळा खर्च समजून भांडू नका, रिटर्न भरताना तुमच्या नावे जमा दिसतो. रोख २ लाख किंवा जास्त देऊ नका, कायद्यानं चालत नाही. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. 'हँडलिंग चार्ज' नावाची ओळ दिसली तर पेन मागून घ्या आणि खोडा.

सुदामानगर_चक्का

इंदूरहून लिहितोय. तुमचं छत तरी आहे, माझं दारच लागत नाही.

आमचा श्रीखंड-चक्क्याचा घरचा धंदा. थंड डब्याची छोटी गाडी हवी होती. अशी तयार मिळत नाही, म्हणजे चासी-कॅब शोरूममधून, डबा बॉडीवाल्याकडून आणि थंडावा देणारं युनिट तिसऱ्याकडून. शोरूमवाल्यानं "हमारा ही आदमी है" म्हणून बॉडीवाला सुचवला, कोटेशनही एकत्रच दिलं. गाडी आली. मागचं दार लावलं की खालच्या उजव्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट. आत पाण्याचे थेंब, डबा थंड होता होता नाकी नऊ, आणि कंप्रेसर बंद म्हणून होत नाही. एक अख्खी खेप आंबली. आंबट श्रीखंड कोण घेतो?

शोरूम म्हणतं बॉडीवाल्याला विचारा. बॉडीवाला म्हणतो चासीच तिरपी आहे. युनिटवाला म्हणतो आधी दोघांनी दार लावून द्या, मग माझ्याशी बोला. तिघांच्या चकरा मारून चपला झिजल्या.

अर्धावकीलसाहेब, मी आयोगात गेलो तर म्हणतात धंद्यासाठी घेतलेली गाडी, तुम्ही ग्राहकच नाही. खरं का?

अर्धा_वकील

अर्धं खरं. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू कायद्याच्या बाहेर आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली आत आहे. गाडी तुम्ही स्वतः किंवा घरचा कोणी चालवतो का? एकच गाडी आहे का? तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा. आणि तिघांनाही पक्षकार करा, एकालाही वगळू नका, नाहीतर उरलेले दोघं वगळलेल्याकडे बोट दाखवतील.

एकत्र कोटेशनचा कागद जपून ठेवा. शोरूमनं एकाच कागदावर डब्याचाही भाव दिला असेल तर "तो आमचा नाही" म्हणणं त्यांना जड जाईल. शिवाय फॉर्म २२-ए बघा. त्यात चासी बनवणाऱ्याचा भाग वेगळा आणि बॉडी बांधणाऱ्याचा वेगळा असतो, दुसऱ्या भागाखाली कोणाची सही आहे तो दारासाठी जबाबदार.

सुदामानगर_चक्का

मी चालवतो, धाकटा भाऊ माल उतरवतो. कागद शोधतो. आईनं बहुतेक वाणसामानाच्या फायलीत लावलाय.

पोहे_जिलेबी

चक्काभाऊ, सुदामानगरात कुठे? रविवारी येतो, आंबट नसलेलं अर्धा किलो काढून ठेवा.

हजीऱ्याचा_हेमंत

आमच्या काकांच्या गाडीच्या वेळचा अनुभव. उजव्या पायाला लहानपणापासून पोलिओ. ऑटोमॅटिक गाडी, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायचं किट बसवून हवी होती. शोरूमनं बुकिंगच्या वेळी "हो जाएगा", गाडी आल्यावर "किट बाहेरून बसवा, आणि बसवलंत तर वॉरंटी जाईल".

गाडीत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, पण अपंग व्यक्तीसाठीच्या फेरबदलाला वाट ठेवलेली आहे, आरसीवर 'अडॅप्टेड व्हेइकल' अशी नोंद होते. पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेनं मान्य केलेलं किट घेतलं, आरटीओत नोंद केली. वॉरंटीचं आम्ही शोरूमकडून लेखी मागितलं: नेमक्या कोणत्या भागाची वॉरंटी जाणार ते लिहून द्या. लेखी म्हटल्यावर यादी अख्ख्या गाडीवरून ब्रेक पेडलच्या जोडणीवर आली.

मोरारची_माई

हेमंत, शाब्बास. "लेखी द्या" या दोन शब्दांनी मी बँकेत अर्ध्या तक्रारी मिटताना पाहिल्यात.

तानसेननगरी

हा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला तो जनावरांचा बाजार म्हणून. तेव्हा आमचे पणजोबा बैलाचा जबडा उघडून दात मोजत असणार. वहिनींनी रबर सारून तेच केलं.

धागाकर्ते गायब? सॉफ्टी खायला गेले का?

लष्करी_बाणा

आहे, आहे. दोन दिवस फोनवरच गेले.

शोरूमातून_सुटलो, तुमचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. कंपनीच्या ग्राहक सेवेला बुकिंग नंबर दिला. ऑक्टोबरात दुरंगीचंच बुकिंग होतं, नोव्हेंबरात डीलरच्या लॉगिनवरून ते एकरंगी पांढऱ्यावर बदललंय. आम्हाला ना मेसेज, ना फोन. म्हणजे "कंपनीनं बनवणं थांबवलं" ही शुद्ध थाप. हे उत्तर ईमेलवर मागून घेतलं, १९१५ वर तक्रार टाकली आणि दोन्हींची प्रत मॅनेजरला पाठवली.

संध्याकाळी मालकाचा स्वतःचा फोन. आवाजात मध. भोपाळच्या डीलरकडे खरीखुरी दुरंगी, आमच्याच व्हेरिएंटची एक गाडी आहे, ती अदलाबदलीत आणून मेळा संपायच्या आत बिल करून देतो. फक्त ती डिसेंबर २०२५ ची बनावट आहे.

आता बोला. साल गेल्या वर्षाचं, छत खरं.

शोरूमातून_सुटलो

चासी नंबर आधी मागा, गाडी भोपाळहून हलायच्या आधी. १७ अक्षरांचा असतो, बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर सालाचं, २०२५ साठी 'एस', २०२६ साठी 'टी'. खात्री मात्र फॉर्म २२ (कंपनीचा दाखला) वरून करा, बनावटीचा महिना त्यावर असतो. फॉर्म २१ मध्ये (डीलरचा विक्री दाखला) रंगाचाही रकाना असतो, तिथे दोन्ही रंग लिहिलेत ना ते पाहा.

डिसेंबरची गाडी जुनी नसते हो, दोन महिने झाले. पण विकताना समोरचा साल विचारतो, महिना विचारत नाही. म्हणून आज सूट मागा. गेल्या वर्षाच्या स्टॉकवर कंपनीकडून डीलरला बहुतेक वेळा काहीतरी मिळतंच. ते तो स्वतःहून सांगणार नाही.

आणि टायरची हवा, बॅटरी, ओडोमीटर बघा. भोपाळहून ट्रेलरवर आली की कोणी चालवत आणली, हे ओडोमीटर सांगेल. ट्रेलरवरच आणायची, असं लिहून घ्या.

जीवाजीगंज_जोशी

घ्या! छतही मिळतंय, सूटही मिळतेय. आता सालावरून अडू नका.

नयाबाजारची_नात

अडा. जरूर अडा. सूट पदरात पडेपर्यंत अडा. मग घ्या.

अर्धा_वकील

नातीचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे.

एकच पुस्ती. घाईत "नंबर मागून पाडू, गाडी आज घेऊन जा" म्हणाले तर नाही म्हणा. तात्पुरता का होईना, नंबर पडल्याशिवाय डीलरनं गाडी सोडायची नाही असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४२ आहे. आणि क्रम उलटा होऊ देऊ नका: आधी तुम्ही यार्डात गाडी बघणार, मग उरलेले पैसे, मग नंबर. सूट रजिस्ट्रेशनच्या वेळच्या टॅक्सात मिळते, म्हणून ते तुम्हाला शेवटच्या दिवसापर्यंत खेचतील. तपासणीचा दिवस तुम्ही ठरवा.

लष्करी_बाणा

झालं एकदाचं. गाडी ट्रेलरवरून आली, दिवसाउजेडी पाहिली. बायकोनं चारही दारांची रबरं सारली, बॉनेटखालीही हात घातला, मालक शेजारी उभा राहून हसत होता पण घाम पुसत होता. छताचा काळा रंग पार आतल्या कडेपर्यंत आहे. गेल्या वर्षाच्या बनावटीबद्दल ३०,००० सूट मिळाली, विमा आम्ही बाहेरून घेतला, 'हँडलिंग' खोडलं. कर्ज बिल हातात आल्यावरच उचललं. टॅक्स अर्धा लागला. १९१५ वरची तक्रार मात्र आरसी हातात येईपर्यंत बंद करणार नाही, ते सारखे बंद करा म्हणून मागे लागलेत.

जोशीकाका, पेढे घेऊन येतोय. सगळ्यांचे आभार, माईंचे विशेष.

शोरूमातून_सुटलो

अभिनंदन! फिल्म लावलेली ती पांढरी कुठे गेली?

लष्करी_बाणा

तिथेच होती, धुऊनपुसून पुढच्या रांगेत. अँटेनाजवळचा फुगा गेलाय. ग्वाल्हेरात या आठवड्यात कोणी दुरंगी घेणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शोरूमचं नाव तिथे सांगेन.

किल्ल्याखालचा

व्यनि केलाय. मेव्हणा उद्याच बुकिंगला जाणार होता.

सुदामानगर_चक्का

इकडची खबर. कागद सापडला, फायलीतच होता. एकाच कोटेशनवर चासी, डबा, युनिट तिन्ही आणि खाली शोरूमचा शिक्का. अर्धावकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे तिघांना नोटीस दिली. बॉडीवाला दुसऱ्याच दिवशी बिजागऱ्या आणि नवं रबर घेऊन दारात हजर. दार आता लागतं. आंबलेल्या खेपेच्या पैशाचं कोणी बोलायला तयार नाही, ते आयोगात मागणार आहे.

पोहे_जिलेबी

चक्काभाऊ, श्रीखंड खाल्लं. साक्षीदार म्हणून माझं नाव टाका.

देवासकर

नवीन सदस्य आहे, धागा पूर्ण वाचला. आम्हाला मार्चमध्ये गाडी घ्यायची आहे, रंग जरा वेगळा हवाय. ग्वाल्हेर लांब पडतं. उज्जैनच्या मेळ्यात हेच चालतं का?

पोहे_जिलेबी

उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात २०२४ पासून ५० टक्के सूट मिळत आलीय, पण ती दर वर्षी नव्यानं जाहीर होते, तोवर कोणाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. रजिस्ट्रेशन उज्जैनलाच होईल, म्हणजे नंबर एमपी १३. इंदूरच्या डीलरकडून घेणार असाल तर त्याचं मेळ्यात दालन आहे का आणि तिथल्या आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट त्याच्याकडे आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारा. रंग वेगळा हवाय म्हणताय तर आत्ताच बुक करा आणि कंपनीचा बुकिंग नंबर घेतल्याशिवाय उठू नका.

देवासकर

धन्यवाद. उद्याच जातो. बायकोलाही नेतो.